धानाचा काटा आणि जिनिव्हाचा हिशेब

दिवाळी आटोपली की लाखनी, साकोली, लाखांदूरच्या आधारभूत खरेदी केंद्रांवर धानाच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. बारदाना आला का, ग्रेडरने ओलावा किती काढला, चुकारे कधी, बोनस मिळणार की नाही, हेच तिथलं बोलणं. जिनिव्हाचं नाव कोण कशाला काढेल? पण या काट्यावरच्या भावाचा एक हिशेब तिथेही मांडला जातो.

जिनिव्हातली जागतिक व्यापार संघटना 1995 साली सुरू झाली. तिच्या शेती करारात भारतासारख्या देशाला एखाद्या पिकाला त्याच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच आधार देता येतो. मर्यादा एकवेळ मान्य करू. गोम पुढे आहे. आजचा हमीभाव ताडून बघायचा तो 1986 ते 1988 च्या सरासरी आंतरराष्ट्रीय भावाशी! डिझेल आणि रोवणीची मजुरी त्या सालात थांबवता आली असती, तर आमचीही तक्रार नव्हती.

2013 मध्ये संघटनेच्या बालीतल्या बैठकीत तडजोड झाली. धान्यसाठ्यासाठीची खरेदी मर्यादेपुढे गेली, तरी अटी पाळणाऱ्या देशावर दावा लावायचा नाही. हे ‘शांतता कलम’. भारत अडून बसला, म्हणून 2014 च्या अखेरीस कायमचा तोडगा निघेपर्यंत कलमाला मुदतवाढ मिळाली. 2018-19 च्या तांदळासाठी या कलमाचा आधार पहिल्यांदा घेतला तो आपणच. 43.67 अब्ज डॉलरच्या पिकाला सुमारे 5 अब्जांचा आधार, असा तो हिशेब होता.

थायलंडचं म्हणणं असं, की भारताचा सरकारी खरेदीतला तांदूळ जगाच्या बाजारात येऊन भाव पाडतो. हे अगदीच झटकून टाकू नये. तिकडेही धान पिकवणारेच आहेत. आणि जुलै 2023 मध्ये आपल्या सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा जगात चढलेला भाव आपल्या शेतकऱ्याच्या हाती आला नाही. त्याचा दोष जिनिव्हावर कसा टाकणार?

फेब्रुवारी 2024 मध्ये अबुधाबीच्या बैठकीतही कायमचा तोडगा निघाला नाही. दीडशेच्या वर सदस्य आणि सगळ्यांचं एकमत हवं. अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे, कारण नव्या नेमणुका अमेरिकेने अडवल्या. मग असली संघटना हवी कशाला, असं काही जण विचारतात. मला ते पटत नाही. समोरासमोरच्या सौद्यात मोठा देश एकेकट्याला गाठतो. जिनिव्हात जी-33 गटातले विकसनशील देश एकत्र बोलू शकतात. त्यांनी आता आधी तुलनेचं ते जुनं साल बदलून घ्यावं, बाकीचे मुद्दे मागाहून काढावेत.