दुखऱ्या हाताचा चेंडू



आज अमेरिकेतल्या एका खेळाची हकिगत सांगतो. खेळाचे नाव बेसबॉल. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने तो दांड्याने टोलवायचा आणि चार ठाणी पळून आला की एक धाव. दोन्हीकडे नऊ-नऊ गडी. फेऱ्याही नऊ. एवढे ध्यानात ठेवा, पुरे.

त्या काळी गोऱ्यांच्या मोठ्या संघांत काळ्या माणसाला घेत नसत. तसा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. मालकांनी आपसांत ठरवले होते. पण ते कायद्याहून पक्के! मग रूब फॉस्टर नावाच्या काळ्या खेळाडूने १९२० साली काळ्या संघांची एक संघटना उभी केली. १९२३ साली पूर्वेकडे दुसरी निघाली. दोघींत खेळाडूंच्या पळवापळवीवरून भांडण लागले. ते मिटले, तेव्हा १९२४ च्या ऑक्टोबरात दोन्हीकडचे पहिले संघ समोरासमोर आले. एक कॅन्सस सिटीचा मोनार्क्स, दुसरा फिलाडेल्फियाजवळचा हिलडेल.

जो पाच सामने जिंकेल तो खरा. एक सामना तर बरोबरीत सुटला. आठव्या सामन्यात हिलडेल एका धावेने पुढे होता. शेवटची फेरी. चेंडू उंच उडाला. खाली सँटॉप उभा, मोठा नावाजलेला गडी. सोपा झेल, पण हातातून सुटला! पुढच्याच टोल्यावर मोनार्क्सने दोन धावा काढल्या आणि सामना जिंकला. नववा सामना हिलडेलने घेतला. झाले चार-चार.

वीस ऑक्टोबरला शिकागोत दहावा सामना. थंडी कडाक्याची. आता चेंडू फेकायचा कोणी? मोनार्क्सचा कारभारी होता होसे मेंदेस, क्यूबा देशाचा. १९०८ साली हवाना शहरात त्याने गोऱ्यांच्या सिनसिनाटी संघाला एकही धाव काढू दिली नव्हती. पण पुढे हात दुखावला. आता तो चाळिशीकडे झुकला होता. डॉक्टरांनी मना केले होते, असे सांगतात. त्याने चेंडू स्वतःच उचलला.

सात फेऱ्या झाल्या. धाव कोणाचीच नाही. हिलडेलचा ली हा खालून हात फिरवून चेंडू फेकणारा. आठव्या फेरीत तो वरून फेकू लागला. का, देव जाणे! मोनार्क्सने एकदम पाच धावा लुटल्या. मेंदेसने शेवटपर्यंत एकही दिली नाही. पाच-शून्य!

मेंदेस १९२८ साली वारला. मोठ्या गोऱ्या संघांची दारे १९४७ साली उघडली. पहिला आत गेला जॅकी रॉबिन्सन, आणि तो १९४५ साली ह्याच मोनार्क्सकडून खेळलेला! २००६ साली थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत मेंदेसचे नाव घातले. झेल सोडणाऱ्या सँटॉपचेही त्याच साली घातले.