पेशीच्या तारखेआधी



अभनपूरला मी पहिल्यांदा आले ती रायपूर-धमतरीच्या छोट्या गाडीतून. आता इथे मोठ्या रुळांवरून गाडी येते. छत्तीसगडात राहून मराठीत बोलणारी आपण माणसं या निमित्ताने भेटतो, याचा आनंद आहेच. अध्यक्षाने वर्षभरातल्या स्त्रीरोगशास्त्राचा आढावा घ्यायचा, ही आपली प्रथा. टिपणं काढून आणली आहेत, पण ती पिशवीतच राहू द्या. कितीतरी वर्षं एक गोष्ट उरात धरून आहे, ती आज बोलते. तुरुंगातल्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल मी बोलणार आहे.

चौतीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये बराच काळ मी महिन्यातून एकदा एका कारागृहाच्या महिला विभागात जात आले. सुरुवातीच्या दिवसांत एका कच्च्या कैदीणीला मी समजावत होते, की आतल्या पेशी तपासायच्या आहेत. तिचा चेहरा उतरला. पदर सावरत तिने विचारलं, "वकील आही का?", म्हणजे वकील येईल का. मला कळेना. मग मेट्रनने उलगडून सांगितलं. आपल्या मराठीत पेशी शरीरात असते, इथे ती कोर्टात असते. त्या बाईला एकच पेशी ठाऊक होती, तारखेची. आत असलेल्या बाईचं सगळं आयुष्य त्या तारखेला टांगलेलं असतं. आपण तपासणीचे कार्यक्रम आखतो, त्यात ही तारीख कुठेच नसते. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

ती बाई अडतिशीची होती. मोहाची दारू गाळल्याचा गुन्हा. मी स्वतः तिचा पॅप स्मिअर घेतला, काचपट्टीवर नंबर घातला, डबीत ठेवून प्रयोगशाळेत पाठवला. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. तोवर तिला जामीन मिळाला होता. रिपोर्टात दोष होता, वेळेवर उपचार केले असते तर सहज बरा होणारा. तो कागद रजिस्टरला टाचून ठेवला गेला. तिच्या गावी निरोप गेला नाही. मीही पुढच्या महिन्यात पुढच्या बायका तपासल्या. अडीच वर्षांनी ती माझ्या ओपीडीत आली, तेव्हा रक्तस्राव थांबत नव्हता आणि आजार बाजूच्या भिंतीपर्यंत पोचला होता. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही तपासलं होतं ना? काही निघालं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं, असं मला वाटलं."

मित्रहो, तपासलंच नसतं तर अंगावरून जायला लागल्यावर ती कदाचित लवकर आली असती. आपल्या गप्प बसण्याचा तिने "सगळं ठीक आहे" असा अर्थ लावला. न कळवलेली तपासणी ही न केलेल्या तपासणीपेक्षा वाईट असते, हे त्या दिवशी मला कळलं.

हा आजार घाईचा नाही. एचपीव्ही विषाणूची लागण टिकून राहिली, तर कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं जातात. एवढी मुदत दुसरा कुठला कॅन्सर क्वचितच देतो. तरीही २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ऐंशी हजार दगावल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनसुद्धा निघाल्या नाहीत. बाहेर ही स्थिती, तर आत काय असेल? २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत २३,७७२ स्त्रिया होत्या. आकडा लहान दिसतो, पण तो एका दिवसाचा आहे. वर्षभरात त्या दारातून आत-बाहेर होणाऱ्या बायका त्याहून पुष्कळ जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या २०१०च्या बँकॉक नियमांत अठरावा नियम स्पष्ट आहे: बाहेरच्या बाईला मिळते ती पॅप तपासणी, स्तनांची आणि स्त्रीरोगांच्या कॅन्सरची तपासणी आतल्या बाईलाही तितकीच मिळाली पाहिजे. आपल्याकडे २०१६ साली तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी तपासणीचा आराखडा आला. त्या वयाच्या बायका तुरुंगातही असतात, एवढंच मला म्हणायचं आहे.

सकाळच्या सत्रात आपला वाद रंगला, की एचपीव्ही चाचणी चांगली की व्हिनेगरची. एचपीव्हीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, दाखला दिला. तो मला मान्य आहे. १९९९पासून त्या जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांना घेऊन, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आणि टाटा रुग्णालयाच्या मंडळींनी केलेलं ते काम २००९ साली जगापुढे आलं. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, व्हिनेगरच्या गटात तसं ठोस दिसलं नाही. पण त्याच टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून, दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करवली आणि बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं दाखवलं. दोन्ही खरं आहे. फक्त एक विसरू नका: उस्मानाबादची बाई रिपोर्ट येईपर्यंत आपल्या गावात होती. माझी बाई रिपोर्ट येईपर्यंत कुठे असेल, ते जामिनाचा अर्ज ठरवतो.

म्हणून माझा निवाडा त्या एका काचपट्टीने केला आहे. तुरुंगात आज बघायचं, आजच सांगायचं आणि जमेल तिथे आजच उपचार करायचा. पातळ अॅसिटिक अॅसिडचा, म्हणजे व्हिनेगरचा, बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का पाहायचं. डाग लहान असेल, पूर्ण दिसत असेल आणि कॅन्सरचा संशय नसेल, तर हातात मावणाऱ्या, बॅटरीवरच्या यंत्राने शंभर अंशांवर काही सेकंद शेक दिला की काम होतं. भूल लागत नाही, टाका लागत नाही. पन्नाशीपुढच्या बायकांत ही जागा आत सरकते, तिथे एचपीव्हीच हवी, हेही मान्य. पण चाचणीची गुणवत्ता प्रयोगशाळेत जोखायची आणि बाईचा ठावठिकाणा धरायचाच नाही, हा हिशेब मला पटत नाही.

दुसरा वाद संमतीचा. काही तरुण सहकारी म्हणाले, की कोठडीतल्या बाईची संमती खरी असूच शकत नाही, तेव्हा हात न लावणंच बरं. ही भीती पोकळ नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये वसतिगृहातल्या मुलींना एचपीव्ही लस देताना संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ साली त्यावर कठोर ताशेरे ओढले. आणि आपल्या अंगणातलं विसरून कसं चालेल? २०१२ मध्ये छत्तीसगडात, आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांतसुद्धा, कॅन्सरची धास्ती घालून, विम्याच्या स्मार्ट कार्डावर बायकांच्या पिशव्या काढल्याचं उघड झालं. त्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ५ एप्रिल २०२३ला आला. आजही आत कॅन्सर शब्द उच्चारला की पहिला प्रश्न येतो, "बच्चादानी काढणार का?"

पण यावर उपाय हात झटकणं नव्हे. एका बाईने मला सलग चार महिने नकार दिला. ती दर खेपेला पडद्याबाहेर बसायची, कोण आत जातं, कोण कसं बाहेर येतं ते पाहायची. मी तिच्या नावापुढे "सहकार्य नाही" असं कधी लिहू दिलं नाही, मेट्रनला पडद्याआड येऊ दिलं नाही. पाचव्या महिन्यात ती आपणहून आली, येताना दोघींना घेऊन. जिचा नकार आपण चार महिने सांभाळतो, तिच्या होकारावर मला शंका येत नाही.

तिसरं मत, की आता पुण्याची लस आली, तपासणीचा खटाटोप कशाला. सिरमची सर्व्हाव्हॅक २०२२ साली आली, अभिमान वाटतो. पण ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी खरी. चाळिशीतल्या कैदीणीला ती काय देणार? उलट ती आत असताना तिची बाहेरची मुलगी लशीपासून वंचित राहू नये, हे कोण बघणार? याचंही काहीतरी करायला हवं.

करायचं काय, ते थोडक्यात सांगते. आपल्यातल्या पाच-सहा जणांनी पाळीपाळीने आत जायचं. वकील मंडळींनी जामीन होताच एक फोन करायचा. बाईच्या हाती एक कार्ड द्यायचं, ज्यावर तुरुंगाचं नाव कुठेही नसेल, कारण तो शिक्का असला की बाई कागद वाटेतच फाडून टाकते, हे मी पाहिलं आहे. बाकीचा तपशील आपण बसून ठरवू.

त्या काचपट्टीनंतर मी माझ्या वहीत एक रकाना वाढवला: बाहेर कुणाला फोन करायचा. एका पावसाळ्यात एकीला शेक देऊन झाल्यावर मी तो नंबर विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली. नवऱ्याचा नको म्हणाली, भावाचा नको म्हणाली. मग गावातल्या किराणा दुकानाचा नंबर तोंडपाठ सांगितला. "तिथे हाक मारतात," म्हणाली. वर्षाने फेरतपासणीसाठी मी फोन लावला. दुकानदाराने फोन कानापासून दूर धरून तिला मारलेली हाक मला इकडे स्पष्ट ऐकू आली. ती आली. तपासलं. डाग नव्हता. मी तिला तसं सांगितलं, तिथल्या तिथे, मोठ्याने.