उद्योगिनी मॅडम वॉकर

ज्योतिराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केला. त्या वेळी तिकडे लुइझियाना संस्थानातील डेल्टा गावी, कापसाच्या मळ्यात, सारा ब्रीडलव्ह नावाची पाच वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी वाढत होती. तिचे आईबाप पूर्वी गुलाम होते. २३ डिसेंबर १८६७ रोजी जन्मलेले हे त्यांचे जन्मतःच स्वतंत्र असे पहिले अपत्य. परंतु कायद्याने दिलेल्या स्वातंत्र्याने पोट भरत नाही. सातव्या वर्षी ती पोरकी झाली, चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि विसाव्या वर्षी, पदरी लहान मुलगी असता, वैधव्य आले.

पुढे सेंट लुईस शहरी तिने अनेक वर्षे लोकांची धुणी धुतली. दिवसाची मजुरी दीड डॉलरहून अधिक नसे. गरिबांच्या घरी नळ नसल्याने डोके वारंवार धुणे कठीण; त्यामुळे कोंडा व केस झडणे हे विकार बळावत. साराचेही केस झडले. अ‍ॅनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योगिनीची औषधे तिने प्रथम विकली. १९०५ साली ती डेन्व्हरला गेली आणि १९०६ मध्ये चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह झाल्यावर ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने स्वतःचे गंधकयुक्त मलम विकू लागली. १९१० साली बाईंनी आपला व्यवसाय इंडियानापोलिस येथे नेला व तेथे कारखाना उभारला. धुणी व स्वयंपाक यांवाचून दुसरा धंदा ज्यांना खुला नव्हता, अशा हजारो स्त्रियांना त्यांनी केशसंवर्धनाचे शिक्षण देऊन विक्रेत्या केले.

१९१२ साली शिकागो येथे कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची परिषद भरली. अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन बाईंना बोलू देईनात. अखेर त्या आपण होऊन उठल्या. कापसाच्या शेतातून धुण्याकडे, तेथून स्वयंपाकघरात, आणि पुढे स्वतःच्या हिंमतीवर आपण स्वतःच्या जागेत कारखाना काढला, असे त्यांनी भरसभेत सांगितले. पुढच्याच वर्षी त्याच व्यासपीठावर त्यांना सन्मानाने बोलावणे आले.

१९१७ साली फिलाडेल्फिया येथे त्यांच्या दोनशेहून अधिक विक्रेत्या जमल्या. अधिक विक्रीप्रमाणेच अधिक दानधर्मासाठीही तेथे बक्षिसे होती. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या अघोर प्रकारांचा या स्त्रियांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्याकडे तारेने निषेध नोंदविला.

२५ मे १९१९ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, बाई निवर्तल्या. पुढील नफ्याचा दोन तृतीयांश भाग धर्मकार्यास द्यावा, असे त्यांचे मृत्युपत्र होते. लोक त्यांची संपत्ती मोजतात. परंतु किती बायांच्या हाती स्वतःची कमाई आली, हे मोजणे अधिक न्याय्य होईल.