घाम : हौसेचा आणि हुकमाचा



वसंत व्याख्यानमालेत, तेही उन्हाळा ऐन भरात असताना, फिनलंडमधील सॉना नावाच्या तापत्या खोलीविषयी बोलायचे म्हणजे श्रोत्यांचा छळच, असे एका स्नेह्यांनी आम्हाला येता येता ऐकवले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु आमचे निम्मे आयुष्य भट्टीपुढे उभे राहणाऱ्या माणसांची संघटना बांधण्यात गेले. पैसे मोजून अंगाचा घाम काढून घेणारे लोक जगात आहेत, हे वाचनालयात वाचले तेव्हा आम्ही ते ओतशाळेतील एका सोबत्याला सांगितले. तो म्हणाला, "भाऊ, त्यांना आमच्या खात्यात धाडा की. फुकटात काढून देऊ." सारे हसले. प्रश्न मात्र राहिला. तीच उष्णता एकाला आरामाची आणि दुसऱ्याला आजाराची का व्हावी?

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. सॉना म्हणजे लाकडी तक्त्यांची बंद खोली. एका बाजूला शेगडी, तिच्यावर दगडांची रास, समोर पायऱ्यांसारखी चढती बाके. हवा तापते ती ८० ते १०० अंश सेल्सियसपर्यंत. पाणी उकळावे एवढ्या उष्णतेत माणूस भाजून कसा निघत नाही? हवा कोरडी असते, म्हणून घाम चटकन वाळतो आणि वाळताना अंग निववतो. आणि लाकूड धातूसारखे चटका देत नाही. मधूनच कोणी ओगराळ्याने दगडांवर पाणी ओततो, चर्र होते आणि वाफेची लाट अंगावर येते. या वाफेला तिकडे 'लोईल्यू' म्हणतात. दहापंधरा मिनिटे बसायचे, बाहेर येऊन थंड व्हायचे, पाणी प्यायचे, वाटले तर पुन्हा आत जायचे. आत असताना नाडी मिनिटाला शंभराच्या पुढे जाते, भरभर चालल्यावर जाते तशी. कातडीकडे रक्त धावते, रक्तवाहिन्या सैलावतात.

आम्ही फिनलंड पाहिलेले नाही. जे सांगतो ते वाचून. साधारण ५५ लाख वस्तीच्या त्या देशात सॉना सुमारे ३० लाख आहेत. जुन्या काळी खेड्यातील बाया तिथेच बाळंत होत, कारण घरातील स्वच्छ जागा तीच. आणि मेलेल्या माणसाची शेवटची आंघोळही तिथेच होई. त्यांच्या संसदभवनात सॉना आहे. १९६० साली राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांनी रशियाच्या ख्रुश्चेव्ह यांना आपल्या सॉनात पहाटेपर्यंत बसवून घेतले होते. २०२० साली युनेस्कोने या प्रथेला मानवी वारशाच्या यादीत घेतले.

पण आमचे मन रमले ते टाम्पेरे शहरात. हे गिरणीचे गाव. तिथली फिनलेसनची गिरणी १८२० ची, आमच्या मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली त्याच्या चौतीस वर्षे आधीची. मुंबईप्रमाणे त्या गावालाही मँचेस्टरची उपमा चिकटली. तेथे पिस्पाला नावाची जुनी कामगारवस्ती आहे आणि तिच्यात राजापोर्ती हा सार्वजनिक सॉना १९०६ पासून आहे. खोल्या लहान, घरात न्हाणीघर नाही, मग तिकीट काढून सगळी आळी तिथे जाणार. पुढे घरोघर न्हाणी आणि विजेचे सॉना झाले आणि असले सार्वजनिक सॉना एकामागून एक बंद पडले. राजापोर्ती टिकला, कारण वस्तीतल्या लोकांनी मंडळ काढून तो हाती घेतला. गिरणगावातल्या आमच्या व्यायामशाळा आणि भजनी मंडळे आठवा, म्हणजे हे कसे घडले ते निराळे सांगायला नको.

आता आरोग्याचे. पूर्व फिनलंडमधील २३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा सॉना घेणाऱ्यांपैकी त्या काळात शंभरी ४९ दगावले, चार ते सात वेळा घेणाऱ्यांपैकी शंभरी ३१. आकडा मोठा आहे, आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. पण आकड्याला उलटतपासणी लागते, हे पगारवाटाघाटींनी आम्हाला शिकवले आहे. चार ते सात वेळा जाणारे होते २०१. आणि ज्याची प्रकृती मुळात धड, ज्याला सवड, तोच जास्त वेळा जाणार. संशोधकांनी वय, रक्तदाब, धूम्रपान, व्यायाम यांचा हिशेब वजा करून पाहिला, तरी फरक उरला. तेव्हा सॉना हृदयाला हितकर असावा असे मानायला जागा आहे. तो औषध आहे असे सिद्ध झाले, असे म्हणायला नाही.

व्यापारी मात्र पुढचे पाऊल टाकतो. मोठमोठ्या हॉटेलांत आणि 'वेलनेस'च्या दालनांत पन्नास-शंभर माणसे बसतील असे सॉना उभे राहू लागले आहेत. म्युनिकजवळ एर्डिंग येथे १९९९ साली सुरू झालेले स्नानगृह तर एक गावच आहे. जाहिरात सांगते, घामावाटे शरीरातले विष निघते. घाम म्हणजे बहुतेक पाणी आणि मीठ. विष काढण्याचे काम मूत्रपिंडे आणि यकृत करतात, आणि तेही तिकिटाविना. वजन घटते म्हणतात. घटते ते पाण्याचे, एक तांब्या प्यालात की परत येते. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्याने, छातीत कळा येणाऱ्याने तिथे जाऊ नये. दारू पिऊन तर कोणीच जाऊ नये. हे वाक्य जाहिरातीत बारीक अक्षरांत असते.

आणि आता दाराविषयी. चांगल्या सॉनाचे दार बाहेर ढकलले की उघडते आणि त्याला आतून-बाहेरून कडी नसते. चक्कर आलेला माणूस नुसता अंग टाकूनही बाहेर पडू शकावा, अशी ती सोय. आमच्या मते सॉनाचा निम्मा गुण या दारात आहे. सोसेना की उठावे, हे ज्याच्या हाती, त्याला उष्णता सुख देते. सोसेना तरी पाळी संपेतो उभे राहायचे, हे ज्याच्या नशिबी, त्याचे काय होते? मध्य अमेरिकेत उन्हात ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे २००२ पासून डॉक्टर लिहीत आहेत. उन्हातले अतिश्रम आणि पाण्याविना राहणे यांवर मुख्य संशय आहे. एका कारखान्यात, नाव घेत नाही, पाण्याचा नळ भट्टीपासून दूर फाटकाशी होता आणि तिथे जाऊन येण्याचा वेळ मजुरीतून कापला जाई. १९४८ च्या कारखाने कायद्यात खात्यातली उष्णता सोसवेल एवढीच ठेवण्याचे आणि मोठ्या कारखान्यात उन्हाळ्यात पाणी थंड करून देण्याचे कलम होते. त्या नळासाठी आम्हाला तरीही अकरा महिने भांडावे लागले.

हे सॉनाच्या व्याख्यानात कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून जर्मनीतली एक पद्धत सांगतो. तिथे मोठ्या सॉनात सेवक दगडांवर सुवासिक पाणी ओततो आणि टॉवेल गरगर फिरवून गरम हवा पाहुण्यांवर लोटतो. पाहुणे स्वस्थ बसलेले. हा उभा, वरच्या तापलेल्या हवेत, हात चालवीत. पाहुणा दहा मिनिटांनी निघून जातो. सेवक पुढच्या घटकेला पुन्हा आत. फिनलंडचा तो अभ्यास आपल्या मर्जीने बसणाऱ्यांचा आहे. तो याला लावता येत नाही.

आपल्या शहरातही अशी दालने निघतील, काही निघालीही असतील. हौस असेल त्यांनी जरूर जावे; आमचा त्याला विरोध नाही. जाल तेव्हा दार ढकलून पाहा, पिण्याचे पाणी कुठे आहे ते पाहा. आणि आत वाफ सोडणाऱ्या पोराला विचारा, आज ही तुझी कितवी खेप, आणि दोन खेपांमध्ये बसायला तुला किती वेळ मिळतो.