स्वस्त मजुरी नव्हे, शिकलेले हात

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



विकसनशील देश जागतिक बाजारपेठेत कशाच्या बळावर टिकेल, असे विचारले की 'स्वस्त मजुरीच्या' हे उत्तर ठरलेले असते. ते किती अपुरे आहे, हे शेजारच्या बांगलादेशाकडे पाहिले म्हणजे कळते.

१९७१ साली स्वतंत्र झालेल्या त्या देशात मजुरी स्वस्तच होती. पण तयार कपड्यांची निर्यात नगण्य होती. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कापड-आयातीवर देशवार कोटा लादला, तेव्हा कोरियाची देवू कंपनी कोट्याबाहेरचा देश शोधू लागली. १९७९ मध्ये 'देश गारमेंट्स'चे संस्थापक नुरुल कादर यांनी तिच्याशी करार करून १३० जणांना प्रशिक्षणासाठी कोरियात पाठविले. परतल्यावर काही वर्षांत त्यांतील बहुतेकांनी ती कंपनी सोडली. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याचा उभा केला. कंपनीची ती हानी, राष्ट्राचे मात्र ते बियाणे ठरले!

शासनानेही दोन अडसर दूर केले. निर्यातीच्या मालासाठी लागणारे कापड विनाशुल्क आणता येऊ लागले आणि परदेशी ग्राहकाच्या पतपत्राच्या आधारे बँका कापडखरेदीसाठी दुसरे पतपत्र देऊ लागल्या. अल्प भांडवलाचा उद्योजकही त्यामुळे उभा राहिला.

आणि आपण? कापूस, गिरण्या, पिढीजात कसब, सारे असूनही तयार कपड्यांचा उद्योग आपण लघुउद्योगांसाठी राखून ठेवला. हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा, की लहान कारखान्याने मोठे होऊच नये. २००० च्या वस्त्रोद्योग धोरणाने हे बंधन सैल केले. पुढे या निर्यातीत बांगलादेशाने आपल्याला मागे टाकले.

या यशाची काळी बाजूही विसरता कामा नये. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्यानजीक राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भिंतींना भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या, तरीही कामगारांना आत बोलाविण्यात आले. माणसाच्या जिवाची किंमत मोजून मिळविलेली स्वस्ताई ही स्पर्धाक्षमता नव्हे.

म्हणून धोरणांची चर्चा करताना थोडे आपल्या घरातही डोकावू या. मुलगा 'आयटीआयला जातो' म्हणाला, तर आपला चेहरा उतरतो. हाताच्या विद्येला आपण घरात प्रतिष्ठा दिली नाही, तर बाजारात तिला मोल कोण देणार?