परिक्रमेतील एक दिवस आणि त्याचा हिशेब



या व्याख्यानमालेत आम्हांला बोलावले तेव्हा चिटणिसांनी विचारले, “कामगार कायद्यावर बोलणार ना?” आम्ही म्हणालो, “नाही, चालण्यावर बोलणार.” त्यांना थोडे नवल वाटले. परंतु आमच्या मते हे दोन विषय एकमेकांपासून फारसे दूर नाहीत. ते कसे, हे आज सांगावयाचे आहे.

कारंज्याला नर्मदा परकी नाही. श्रीनृसिंहसरस्वतींचे हे जन्मस्थान. आणि त्यांच्याच परंपरेतील श्रीवासुदेवानंद सरस्वती 1914 साली गरुडेश्वरी, नर्मदेच्या काठी समाधिस्थ झाले. त्यामुळे आपल्या गावातील कित्येक घरांत “नर्मदे हर” हा घोष लहानपणापासून कानांवर पडतो. आमच्याही पडला होता. परंतु ऐकणे वेगळे आणि पाठीवर पोते टाकून चालणे वेगळे.

प्रथम परिक्रमा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अमरकंटकाच्या डोंगरात उगम पावून नर्मदा 1312 किलोमीटर वाहते आणि भडोचजवळ समुद्रास मिळते. तिच्या एका अंगास विंध्य, दुसऱ्या अंगास सातपुडा. परिक्रमावासी ती नेहमी उजव्या हाताला ठेवून चालतो. एका तटाने समुद्रापर्यंत जावयाचे, तेथे नावेने मुख ओलांडावयाचे, दुसऱ्या तटाने उगमापर्यंत चढावयाचे, आणि पुन्हा पहिल्या तटाने मूळ जागी यावयाचे. मध्ये कोठेही नदी ओलांडावयाची नाही. चातुर्मासात चालावयाचे नाही. पूर्वीचा दंडक 3 वर्षे, 3 महिने, 13 दिवसांचा. आता बहुतेक लोक चार-पाच महिन्यांत उरकतात. एकूण वाट अडीच हजार किलोमीटरांहून अधिक भरते.

चार-पाच महिने! युनियनच्या कचेरीतून आम्हांला इतके दिवस कोण सोडणार? तेव्हा आम्ही आणि आमचे एक जुने सहकारी, जिनिंगमधून निवृत्त झालेले फिटर, अशा दोघांनी तुकड्यातुकड्यांनी चालावयाचे ठरविले. तीन हिवाळ्यांत मिळून चाळीस दिवसांत ओंकारेश्वरापासून दक्षिण तटाने समुद्रापर्यंत पोहोचलो. म्हणजे परिक्रमा पुरी झालेली नाही. उत्तर तट सगळाच बाकी आहे. ज्यांनी पुरी केली आहे असे या सभेत कोणी असतील तर त्यांनी आमचे चुकले तेथे कान धरावा.

आता दिवस कसा जातो ते ऐका.

पहाटे चारला देवळाच्या ओवरीत जाग येते. जाग येते म्हणण्यापेक्षा थंडी झोपू देत नाही म्हणणे खरे. नदीवर स्नान, दोन घटका पूजा-आरती, घोंगडी गुंडाळणे, आणि उजाडते न उजाडते तोच पाय वाटेला लागतात. उन्हे चढण्यापूर्वी जितके अंतर कापले तितके आपले. दुपारी जेथे अन्नक्षेत्र असेल तेथे थांबावयाचे. आश्रमाच्या दारात उभे राहिले की आतून विचारणा होते, “कितनी मूर्ती?” आपण सांगावयाचे, “दो.” तेथे नाव, गाव, जात, हुद्दा कोणी विचारीत नाही. किती पोटे आहेत एवढेच विचारतात, आणि त्या पोटांना मूर्ती म्हणतात. आम्ही आयुष्यभर कारखान्याच्या फाटकांवर उभे राहिलो. तेथे माणसाला नंबर म्हणतात. मूर्ती म्हणवून घेण्याचा योग आम्हांला चौपन्नाव्या वर्षी आला.

जेथे शिजवलेले अन्न नसेल तेथे सदावर्त मिळते, म्हणजे पीठ, डाळ, मीठ, मिरची. मग तीन दगड मांडावयाचे, काटक्या वेचावयाच्या, आणि जाड टिक्कड भाजावयाचे. आमचे फिटर मोठमोठी यंत्रे उघडून बसविणारे. पण पहिल्या दिवशी टिक्कड बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे निघाले. आमची डाळही शिजली नाही. घरी तीस वर्षे रोज गरम भाकरी कशी येते याचा विचार आम्ही दोघांनीही प्रथम त्या दिवशी केला, हे सांगावयास लाज वाटते. पण सांगितले पाहिजे.

सायंकाळी पुन्हा मुक्काम. शाळेचा व्हरांडा, धर्मशाळा, नाही तर कोणाची पडवी. कपडे धुवावयाचे, पायांचे फोड पाहावयाचे, काटे काढावयाचे. पायांची इतकी विचारपूस आम्ही जन्मात केली नव्हती. टाचेवरचा रुपयाएवढा फोड दोन दिवसांचे अंतर खातो. तेव्हा परिक्रमेत पहिला देव नर्मदा असेल, पण दुसरा देव पाय आहे.

ओझ्याविषयीही सांगतो. निघताना पाठीवर चौदा किलो होते. तिसऱ्या मुक्कामी आम्ही पोते उलटे केले. तिसरा सदरा, साबणाची जादा वडी, दोन जाड पुस्तके, फराळाचा डबा, हे सगळे देऊन टाकले. सात किलो उरले. उरले काय? एक घोंगडी, एक बदलावयाचा जोड, कमंडलू, ताटली, थोडी औषधे. चाळीस दिवसांत याहून अधिक कशाची गरज लागली नाही. परंतु येथे एक सावधगिरी हवी. ज्याच्या घरी कपाट भरलेले आहे त्याने सात किलोंत भागविणे हा वैराग्याचा आनंद असतो. ज्याच्याजवळ मुळात सात किलोच आहेत त्याला हा उपदेश करू नये.

बडवानी सोडल्यावर वाट सातपुड्याच्या कुशीत शिरते. हीच ती शूलपाणीची झाडी. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणीचा मुलूख येथेच लागतो. सपाटीवर ताशी चार किलोमीटर चालणारा माणूस येथे दोनवर येतो. एक टेकडी चढावी, घसरत उतरावी, नाला ओलांडावा, की दुसरी टेकडी उभी. गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नव्हे. या टेकडीवर दोन घरे, त्या टेकडीवर तीन, असे पाडे. पूर्वीच्या परिक्रमावासींनी लिहून ठेवले आहे की या झाडीत भिल्ल वाटसरूस लुटीत आणि लंगोटीवर सोडून देत. परिक्रमावासी त्यांना “मामा” म्हणत. आज तसे राहिलेले नाही. आम्हांला कोणी लुटले नाही. आम्हांला जेवू घातले.

आणि ज्यांनी जेवू घातले ते कोण होते? सरदार सरोवर धरणाची उंची 138.68 मीटर. 2017 साली ते राष्ट्रास अर्पण झाले आणि 2019 च्या सप्टेंबरात प्रथमच काठोकाठ भरले. त्या पाण्याने महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. देवासाठी गोरा येथे नवे मंदिर उभे राहिले. माणसांच्या बाबतीत इतके सोपे झाले नाही. 1985 पासून त्यांचे आंदोलन चालले. पूर्वीचा परिक्रमावासी ज्या काठाने चालत असे तो काठच आज पाण्यात आहे. म्हणून वाट आता वरून, डोंगरातून जाते.

अशाच एका पाड्यावर आम्ही रात्री उतरलो. घरात म्हातारा, म्हातारी, सून आणि तीन मुले. खालची जमीन बुडालेली. वरच्या उतारावर थोडा मका. सुनेने आमच्यासमोर मक्याच्या भाकरी आणि उडदाची डाळ ठेवली. युनियनवाल्याची खोड जात नाही; आम्ही विचारले, “मका कधीपर्यंत पुरेल?” तिने कणगीकडे बोट केले आणि म्हणाली, “होळीपर्यंत.” होळीला तेव्हा दोन महिने होते. त्यानंतर घरातील माणसे गुजरातेत कामाला जातात.

घास घशात अडकला. अडकला तरी गिळला, कारण भूक लागली होती. हेही सांगितले पाहिजे. जेवण झाल्यावर आम्ही पैसे पुढे केले. म्हाताऱ्याने हात मागे घेतला. म्हणाला, “परकम्मावाल्याचे घेत नाही.” मग थोड्या वेळाने आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. तीत कागद होते. बदली जमिनीचे कागद. सात-आठ वर्षांचे. त्याला विचारावयाचे होते की यांत काय लिहिले आहे.

त्या रात्री बॅटरीच्या उजेडात आम्ही कागद लावले, तारखा जुळविल्या आणि एक अर्ज लिहिला. आम्हांला दुसरी कोणतीच विद्या येत नाही. अर्ज लिहिणे तेवढे येते. फिटर उजेड धरून बसले. पहाटे म्हाताऱ्याने अंगठा उमटविला. पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुढचा तुकडा चालावयास निघालो, तेव्हा वाट वाकडी करून त्या पाड्यावर गेलो. अर्जाची पोच आली होती. जमीन आली नव्हती. आम्ही दुसरा अर्ज लिहिला. सुनेने पुन्हा भाकरी वाढल्या.

श्रोतेहो, पूर्वी झाडीतल्या माणसाने वाटसरूचे घोंगडे घेतले तर पुस्तकांतून त्यास लूट म्हटले गेले. त्याची जमीन गेली तेव्हा कोणता शब्द वापरला गेला? विकास. आम्ही विकासाच्या विरुद्ध नाही. त्या पाण्यावर तहान भागणारी माणसेही माणसेच आहेत. परंतु कोणाचा हिशेब चुकता झाला आणि कोणाचा पोचपावतीवरच थांबला, हे विचारण्याचा हक्क त्या घरी जेवलेल्या माणसाला निश्चित आहे. नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. परिक्रमेचे पुण्य असेल तर ते अन्न वाढणाऱ्याच्या खात्यावर आहे. चालणाऱ्याच्या खात्यावर ऋण आहे.

आता दुसरा प्रश्न. ही वाट चालतो कोण? वाटेत भेटले त्यांत निवृत्त शिक्षक होते, पेन्शनर होते, शेती भावाकडे सोपवून आलेले शेतकरी होते, साधू होते. कारखान्यात कामावर असलेला एकही मजूर आम्हांला भेटला नाही. त्याला श्रद्धा नाही काय? आहे. रजा नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस भरलेल्यास दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली; म्हणजे बारा दिवस. 2025 च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या नव्या संहितेने 240 चे 180 केले. परंतु जिनिंगच्या हंगामी मजुराचे तेवढे तरी दिवस भरतात काय? आपल्या कारंज्याच्या कापूस बाजारात जाऊन विचारून पाहा.

विश्रांतीचा हा हक्क आपोआप कोणी दिला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि रविवारच्या सुट्टीसाठी झगडले. ती 1890 साली मिळाली. तिकडे अमेरिकेत बेंटन मॅकाय या वनाधिकाऱ्याने 1921 साली अपालाचियन डोंगररांगांवरून एक लांबलचक पायवाट काढण्याची कल्पना मांडली. ती आता सुमारे 3500 किलोमीटरांची आहे, 14 राज्यांतून जाते, आणि 1937 साली सलग पुरी झाली. परंतु मॅकायच्या लेखाचा आरंभ डोंगरांच्या शोभेपासून नव्हता. श्रमणाऱ्या माणसाला फुरसत किती आणि तिचे त्याने काय करावे, या प्रश्नापासून होता. त्याच वाटेवर 1955 साली एमा गेटवुड नावाची 67 वर्षांची बाई एकटी चालली. अकरा मुलांची आई. खांद्यावर घरी शिवलेली झोळी, पायांत साधे कापडी बूट. मुले मोठी होईतो तिला तरी रजा कोणी दिली असती? आपल्या घरांतील बायकांना तर 1890 चा रविवारही अजून मिळालेला नाही.

चालणे दोन प्रकारचे असते, हेही विसरता येत नाही. 2020 च्या मार्चअखेरीस टाळेबंदी झाली आणि लाखो मजूर गावाकडे चालत निघाले. पाठीवर आमच्याइतकेच ओझे, फडक्यात तशाच भाकरी. 8 मे 2020 च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर थकून झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून निघाले होते आणि मध्य प्रदेशात, आपल्या घरी, जात होते. नर्मदेच्या वाटेवर आम्हांला दर चार कोसांवर कोणी ना कोणी विचारीत होते, “कितनी मूर्ती?” त्यांना त्या रात्री ते कोणी विचारले नाही.

आमचे मागणे फार मोठे नाही. जबलपूरचे अमृतलाल वेगड कलाशिक्षक होते. 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी चालावयास आरंभ केला आणि तुकड्यातुकड्यांनी नर्मदा पायांखाली घातली. तेव्हा सलग चार महिने नसतील तर बारा दिवस चाला. बारा नसतील तर एका रविवारी ऋषी तलावापासून निघून सांजेपर्यंत परत या. पण घरातल्या माणसाला बरोबर घ्या, आणि त्या दिवशी भाकरी तुम्ही भाजा. आणि तुमच्या दारावरून कोणी ओझे घेऊन चालत जात असेल, ऊसतोडीला जाणारा असो वा पंढरीला, तर त्याला आधी किती पोटे आहेत ते विचारा; बाकीची चौकशी मागाहून करता येते.

आम्ही स्वतः येत्या हिवाळ्यात उत्तर तट सुरू करणार आहोत. त्यापूर्वी दक्षिण तटावरच्या त्या पाड्यावर एकदा जावयाचे आहे. तिसरा अर्ज लिहून तयार आहे.