मयतांची यादी आणि कादंबरीकार

१६६५ साली लंडनमध्ये प्लेग आला तेव्हा डॅनियल डीफो जेमतेम पाच वर्षांचा होता. ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ त्याने छापलं १७२२ मध्ये, आणि तेही स्वतःच्या नावाने नाही. सांगणारा आहे ‘एच. एफ.’ नावाचा ऑल्डगेटचा एक खोगीरवाला. डीफोचा चुलता हेन्री फो याच धंद्यातला, त्याच वस्तीतला. वाचकांना ते डोळ्यांदेखत घडलेलं वाटलं, आणि पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. ही लबाडी म्हणायची का? थोडीशी आहेच. १७२०ला मार्सेयमध्ये प्लेग उसळला होता, लंडन धास्तावलं होतं, आणि डीफो लेखणीवर पोट भरणारा माणूस!

पण त्याने मसाला कुठून घेतला ते पाहा. शहरात दर आठवड्याला मयतांची छापील यादी निघायची. अमुक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, अमुक मेले, या या रोगाने. लॉर्ड मेयरचे हुकूम तर त्याने जसेच्या तसे पुस्तकात घातले. एखादा हौशी लेखक या आकड्यांवर दोन हुंदके शिंपडून मोकळा झाला असता. डीफो यादीवर संशय घेतो, आणि माझ्या मते त्याची कादंबरी तिथे सुरू होते.

त्याचा खोगीरवाला यादी कशी वाचतो? सेंट जाइल्समध्ये प्लेगच्या रकान्यात फारसं काही नाही; पण एरवी आठवड्याला बारा ते एकोणीस पुरली जाणारी माणसं एकाएकी वाढली आहेत. मग ती कशाने मेली? ठिपक्यांचा ताप, दातांचं दुखणं, असलं काहीबाही लिहिलेलं. कारण उघड आहे. घरात प्लेग निघाला की दाराला कुलूप, दारावर तांबडा क्रॉस, बाहेर रात्रंदिवस पहारा, आणि धडधाकट माणसंही आजाऱ्यासोबत आत कोंडलेली. मृताचं अंग तपासून रोगाचं नाव सांगायच्या त्या गरीब म्हाताऱ्या बायका. त्यांच्या हातावर चार नाणी ठेवली की रोगाचं नाव बदलायचं. (१८९७च्या पुण्यात गोऱ्या सोजिरांची झडती आली की घरोघर आजारी माणसं लपवली जात. ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे नवं नाही.)

प्लेगबळींचा वर्षाचा सरकारी आकडा ६८,५९६. इतिहासकार आज लाखाच्या आसपास धरतात. मधली तीसेक हजार माणसं कुठल्या कागदात सापडणार? ती त्या बंद दारांआड आहेत, आणि तिथे शिरायला कल्पनाच लागते.

कल्पना म्हणजे थाप, असं कुणी म्हणेल. त्याला सॅम्युएल पेप्सची रोजनिशी दाखवावी. पेप्स तेव्हा लंडनमध्येच होता. रोजनिशी लघुलिपीत, ती छापली गेली १८२५ला. डीफोला ती बघायलाही मिळाली नाही. तीत ऑगस्ट १६६५च्या अखेरीची एक नोंद आहे. पॅरिशचा कारकून रस्त्यात भेटला. या आठवड्यात आपल्याकडे नऊ गेले, पण मी सहाच कळवलेत, असं त्याने पेप्सला सांगितलं.